‘रद्द करा’ म्हणजे नेमकं काय रद्द?

दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिका आणि दाखला घेऊन बापलेक कॉलेजच्या खिडकीपाशी जात. काही अडलं तर आतला कारकून सांगे. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या आमच्या नेवाशातली ही खिडकी २०२५ मध्ये मोबाइलमध्ये गेली. तोवर मुंबई महानगर आणि पुणे, नाशिक, नागपूर, अमरावतीसारख्या शहरांपुरती असलेली अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया त्या वर्षी राज्यभर लागू झाली. १३ मे रोजी निकाल आला. २१ मे रोजी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडलं आणि २६ मेपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. त्या वर्षी अर्जाचे दोन भाग होते, शुल्क १०० रुपये, पसंतीक्रमात कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० कॉलेजं.

त्या वर्षीचा एक नियम फार महत्त्वाचा होता. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडे. खालच्या पसंतीचं मिळालं असेल, तर मात्र पुढच्या फेरीची वाट पाहता येई.

समजा, उद्या या प्रक्रियेसाठी एआय एजंट आला. नुसतं बोलणारा नव्हे, तुमच्या वतीनं बटणं दाबणारा. अशा एजंटला पोर्टलची उपजत माहिती नसते. त्याच्या हाती काही टूल्स दिलेली असतात: जागा पाहा, पसंतीक्रम बदला, अर्ज लॉक करा, प्रवेश रद्द करा. प्रत्येक टूलसोबत ते काय करतं आणि त्याला कोणती माहिती लागते, हे सांगणाऱ्या चार ओळी असतात. कोणतं टूल उचलायचं हे तो मुख्यतः त्या ओळी वाचूनच ठरवतो. कारकुनाकडे वर्षानुवर्षांचा अनुभव होता, याच्याकडे या चार ओळी आहेत. म्हणून त्या पारखून घ्यायला हव्यात, आणि एजंट विकत घेऊन झाल्यावर नव्हे, आधी.

‘प्रवेश रद्द करते. अर्ज क्रमांक द्या.’ असं वर्णन वाचायला सुटसुटीत वाटतं, पण ते धोक्याचं आहे. एखादी आई म्हणते, “ते नगरचं कॉलेज नको, काढून टाका.” अर्ज लॉक होण्याआधी याचा अर्थ पसंतीक्रमातून एक नाव वगळणं. जागा मिळाल्यानंतर, पण प्रवेश घेण्याआधी, तेच वाक्य म्हणजे मिळालेली जागा सोडणं. प्रवेश निश्चित झाल्यावर त्याचा अर्थ हातातला प्रवेश घालवणं. वाक्य एक, पण काढून टाकायची गोष्ट तीन वेळा वेगळी. चांगलं वर्णन स्पष्ट सांगेल: हे टूल फक्त निश्चित झालेल्या प्रवेशासाठी आहे, पसंतीक्रम बदलण्यासाठी वापरू नये, आधी अर्जाची सद्यस्थिती तपासावी, परिणाम सांगून पालकांचा होकार घ्यावा.

हे तपासायचं कसं? खोटे अर्ज तयार करायचे, तेच वाक्य तिन्ही टप्प्यांवर वीस-वीस वेळा द्यायचं आणि एजंटनं कोणतं टूल उचललं याची नोंद पाहायची. त्याच्या उत्तरावर विसंबू नये. “आपलं काम झालं आहे” हे वाक्य तो चुकीचं काम करूनही तितक्याच अदबीनं लिहितो. मग फक्त वर्णनाची भाषा बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि पुन्हा चालवून पाहायचं. चुका घटल्या, तर दोष त्या ओळींतच होता. चाचणीतले काही प्रश्न मात्र वर्णन लिहिणाऱ्याला दाखवूच नयेत, नाहीतर तो तेवढ्यापुरतंच लिहील.

चाचणीचे प्रश्न आपल्या बोलीतले हवेत. कागदावर ‘जागावाटप’ असतं, भेंडे, सोनईसारख्या गावांत विचारतात, “नंबर लागला का?” आणि २१ मेसारखा दिवसही चाचणीत असावाच. संकेतस्थळ बंद पडलं आणि टूलनं रिकामी यादी परत केली, तर एजंट सरळ सांगून टाकेल की जागा उरल्या नाहीत. ‘जागा नाहीत’ आणि ‘माहिती मिळाली नाही’ ही दोन उत्तरं वेगवेगळी आहेत, हे वर्णनात लिहिलेलं नसेल, तर एखादं घर त्या रात्री उगाच हातपाय गाळून बसेल.

लिहिलेलं वेळोवेळी ताडून पाहावं लागतं, हे नेवाशाला नवं नाही. ज्ञानेश्वरी इथेच शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सिद्ध झाली. पुढे नकलांमागून नकला होत पाठ बिघडत गेला आणि १५८४ साली एकनाथांनी प्रती ताडून तो शुद्ध केला. प्रवेशाचे नियम आणि तारखा तर दरवर्षी बदलतात. त्या चार ओळी शेवटच्या कोणी, कधी आणि कोणत्या परिपत्रकाशी ताडून पाहिल्या, याची नोंद नसेल, तर मी तो एजंट स्वीकारणार नाही.

माझ्या यादीत पहिला प्रश्न हा असेल: “पहिल्या पसंतीचं नगरचं कॉलेज लागलं, पण वसतिगृह मिळालं नाही. पोरगी रोज साठेक किलोमीटर एसटीनं कशी जाणार?” इथं एजंटनं एकही बटण दाबायचं नाही. प्रवेश न घेतल्यास काय होईल आणि ठरवायला किती दिवस उरलेत, एवढं सांगून त्यानं थांबायचं.