तेराशे रुपयांचा दिवस

नोकरीवरच्या ड्रायव्हरची गाडी उभी राहिली की त्याला झोप मिळते. ड्रायव्हर स्वतःच मालक असेल तर नेमकी तेव्हाच त्याची झोप उडते. चांदवड तालुक्यातल्या एका नव्या मालकाबरोबर पिंपळगाव बसवंत ते आग्रा आणि आग्रा ते वाशी अशी फेरी करताना हे मी जवळून पाहिलं. क्लीनर म्हणून तो लाइनवर आला, मग ड्रायव्हर झाला. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यावर त्याने जुनी दहा चाकी घेतली. गाडी हातात असणं आणि धंदा हातात असणं यात किती अंतर आहे, ते त्याला पहिल्या काही महिन्यांतच कळलं होतं.

गाडी घेताना त्याने डोकं लावलं होतं. नवी दहा चाकी बॉडीसकट चाळीस लाखांच्या घरात जाते, म्हणून त्याने २०१९ची, २८ टन पासिंगची गाडी शोधली. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि धूर किती येतो ते पाहिलं. खाली पडून चेसिसला कुठे वेल्डिंग मारलंय का ते तपासलं, कमानीचे पाटे मोजले, आतल्या टायरांवरून हात फिरवला. मग कागद पाहिले: फिटनेस, टॅक्स, विमा, थकलेली ई-चलानं आणि आधीच्या फायनान्सची एनओसी. २०२०च्या एप्रिलनंतरच्या बीएस-सिक्स गाड्यांना डिझेलबरोबर युरियाही लागतो आणि सेन्सर बिघडला तर मिस्त्री लॅपटॉपशिवाय हात लावत नाही. म्हणून त्याला बीएस-फोर सोपी वाटली. पण या सोयीचीही किंमत आहे. बाहेरच्या राज्यांत नोंदलेल्या बीएस-फोर मालगाड्यांना दिल्लीत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा आहे. म्हणजे नाशिकच्या कांद्याची एक मोठी लाइन त्याला बंद होणार, हे ठरूनच गेलं होतं.

सोळा लाखांच्या गाडीत चार लाख त्याचे स्वतःचे होते, बाकीचे बारा फायनान्सचे. व्याज १५ टक्के, ४८ हप्ते. महिन्याचा हप्ता ३३,४०० रुपये, म्हणजे दिवसाला अकराशेच्या वर. या वजनाच्या गाडीचा थर्ड पार्टी विम्याचा सरकारने २०२२मध्ये ठरवून दिलेला दर वर्षाला ४३,९५०, आणि नॅशनल परमिटचे १६,५००. ते दिवसांवर वाटले की आणखी दीडशे-पावणेदोनशे. चाक हललं नाही तरी दिवसाचे तेराशे रुपये गेलेच. हा आकडा त्याने केबिनमध्ये कुठे लिहून ठेवलेला नव्हता, पण त्याच्या प्रत्येक बोलण्यात तो होता.

सुरुवातीला कांदा का, तर कारखान्याचा माल नव्या माणसाला सहज मिळत नाही. तिथे ट्रान्सपोर्टवाल्याकडे आधीच लागलेल्या गाड्या असतात. शिवाय ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बिघडली आणि मुदत वेळेत वाढवून घेतली नाही, तर अडकते ती गाडीच. ताज्या भाजीपाल्याला ई-वे बिल नाही. कांद्याला गाडी लावायची तर बाजार समितीजवळच्या दलालाकडे नंबर सांगितला की झालं.

पण कांद्याचं भाडं कांद्याइतकंच लहरी असतं. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. त्याच डिसेंबरात निर्यातबंदी आली. बातम्यांत शेतकरी आणि व्यापारी दिसले. कांदा चाळीत थांबला की गाडीही थांबते आणि हप्ता मात्र थांबत नाही, ही बातमी कोणी केली नाही.

पिंपळगावात गोण्या चढत होत्या तेव्हा दलालाने सहज विचारलं, ‘‘अजून दोन टन टाकू का, शेठ?’’ गेल्या वर्षापर्यंत हाच माणूस त्याला ‘ए ड्रायव्हर’ म्हणायचा. भाडं टनावर असतं, त्यामुळे दोन टन वाढले की भाड्यात पाच हजारांची भर. ओव्हरलोडचा दंड कायद्याने २० हजार रुपये, वर जास्तीच्या प्रत्येक टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. पण तो ‘नाही’ म्हणाला, ते दंडामुळे नाही. ‘‘दंड लागला तर एकदा लागंल. पाटा आणि टायर तर रोजच खातात.’’ काट्यावर भरलेली गाडी पासिंगच्या आत निघाली, तेव्हाच त्याने ताडपत्री आवळली.

मग वाराई. माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे गाडीवाल्याने द्यायचे, ही जुनी रीत. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा याच रीतीविरुद्ध आहे. नोकरीत असताना हे पैसे तो मालकाच्या खर्चात लिहायचा आणि विसरायचा. आता त्यासाठी तो दहा मिनिटं हुज्जत घालतो.

रस्त्यावर फरक जास्त दिसला. धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, मग गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर आणि चंबळ ओलांडून आग्रा, असा मुंबई-आग्रा रस्त्यावरचा हजारेक किलोमीटरचा प्रवास. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते. लिटरला नव्वद रुपये धरले तरी जायचं डिझेल साडेबावीस हजारांचं. म्हणून तो ताशी पन्नास-पंचावन्नच्या वर जातच नाही, ओव्हरटेक करण्याआधी दोनदा विचार करतो आणि पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढतो. बिजासनचा उतार असो की कसाऱ्याचा, गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवायचा मोह त्याने कधीच सोडलाय. गिअरमध्ये उतरताना इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकचे लायनर तापत नाहीत. प्रत्येक थांब्यावर तो खाली उतरून लोखंडी टॉमीने टायर ठोकतो. घट्ट टायरचा आवाज वेगळा येतो, हवा उतरलेल्याचा वेगळा. एका टायरचे वीस-पंचवीस हजार, असे दहा, आणि त्यांच्या आयुष्याच्या हिशेबाने किलोमीटरला दोन-सव्वादोन रुपये नुसते घासण्यातच जातात.

आग्र्याला माल उतरला आणि खरी परीक्षा सुरू झाली. खंदौलीच्या बाजूला शीतगृहंच शीतगृहं, बटाट्याला गाड्या लागतात. पण तिथल्या प्रत्येक दलालाचा पहिला प्रश्न एकच: ‘‘गाडी कब खाली हुई?’’ याचं उत्तर नेहमी ‘‘अभी’’ असंच द्यायचं, गाडी कालपासून उभी असली तरी. गाडी जितकी शिळी तितका दर कमी, कारण मालकाचे रोजचे तेराशे दलालालाही ठाऊक असतात. म्हणून तो सगळ्या गाड्या लागतात त्या मैदानात उभा राहिला नाही. दोन किलोमीटर अलीकडच्या धाब्यावर गाडी लावून तो मोटरसायकलवरून फिरणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या मागे बसून गेला.

पहिला भाव आला टनाला दोन हजार, वाशीपर्यंत. १८ टनांचे ३६ हजार. आग्रा ते वाशी ११८०च्या आसपास किलोमीटर, डिझेल साडेसव्वीस हजारांचं, टोल साडेसहा. हातात उरणार तीन हजार. मला वाटलं, तीन तर तीन, घरी तरी जाता येईल. त्याने नकार दिला. टनाला सव्वीसशे आले तर ४६,८००, म्हणजे १०,८०० जास्त, आणि थांबण्याचा खर्च दिवसाला तेराशे. पण हा हिशेबही पुरा नाही, असं तोच म्हणाला. इथे चार दिवस गेले तर महिन्यातली पुढची फेरी चार दिवसांनी मागे जाते. म्हणून त्याने मनाशी दोन दिवसांची मर्यादा घातली होती. तिसऱ्या दिवशी जो दर मिळेल तो घ्यायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वीसशे मिळाले. नाही म्हणता येण्यासाठी खिशात दोन दिवसांचं जेवण आणि फास्टॅगमध्ये टोलपुरते पैसे लागतात. ज्याच्याकडे ते नसतात, तो पहिल्याच भावाला गाडी लावतो. अशा गाड्या मैदानात बऱ्याच होत्या आणि बाजाराचा दर त्याच ठरवत होत्या.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गाडी रात्री लागली, पहाटे खाली झाली. पाठीवर गोणी घेणाऱ्या माथाडी कामगाराला १९६९च्या कायद्याने मंडळ दिलं आणि त्या मंडळामार्फत भविष्य निर्वाह निधी मिळवून दिला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीची ती कमाई. त्याच धक्क्याला गाडी लावून बसलेल्या मालकामागे असं काहीच नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५पर्यंत १९६१चा कायदा होता. त्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ सांगितले होते. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. इथे कामगार एकच आणि मालकही तोच, त्यामुळे तास मोजणार कोण?

भाड्याचा मोठा भाग ॲडव्हान्स मिळालेला होता. बाकी मिळणार पोच दाखवल्यावर, म्हणजे दलालाला वेळ होईल तेव्हा. आधीच्या एका फेरीची बाकी अजून फोनवरच होती.

घरी हिशेबाची वही बायको लिहिते. फेरीत दोन्हीकडचं भाडं मिळून ९० हजार. डिझेल, टोल, वाराई, दलाली आणि खाणंपिणं वजा जाता हातात तेवीस-चोवीस हजार. सगळं सुरळीत गेलं तर महिन्याला अशा तीन फेऱ्या, म्हणजे सत्तर हजार. त्यातून हप्ता ३३,४००, विमा-परमिटचे पाच हजार, टायरांसाठी बाजूला काढायचे पंधरा. उरले साडेसोळा हजार, तेही ऑइल आणि मिस्त्री सोडून. आयकराच्या अंदाजी उत्पन्नाच्या नियमात जड मालगाडीचं उत्पन्न दर टनाला महिना हजार रुपये धरतात, गाडी चालो वा उभी राहो. म्हणजे कागदावर हा माणूस महिना २८ हजार कमावतो. तेवढ्यावर कर बसत नाही ही गोष्ट वेगळी.

शिल्लक पाहून बायकोने वहीत एक नवा रकाना आखला: ड्रायव्हरचा पगार. नोकरीत असताना घरात महिन्याला यायची तीच रक्कम तिने तिथे लिहिली आणि फेऱ्या पुन्हा मांडल्या. शिल्लक शून्याच्या खाली गेली. मग धंद्यात कमाई कुठे आहे? ती आहे गाडीत. ४८ हप्ते फिटले की ट्रक त्याचा, आणि हे सगळे महिने तो आपल्याच पगारातून ट्रक विकत घेतोय. देशातले बहुतेक ट्रक एक ते पाच गाड्यांच्या अशाच मालकांचे आहेत, आणि त्यांचा हा पगार कोणत्याच भाड्यात धरलेला नसतो. बाजारात वाहतूक स्वस्त पडते त्याचं मोठं कारण हेच.

तो रकाना त्याने खोडला नाही. पुढच्या भाड्याला दर विचारताना त्याने डिझेल आणि टोलच्या खाली तोही मांडला, आणि पिंपळगावच्या दलालाला टनामागे दोनशे वाढवून मागितले. दलाल हसला. शेवटी शंभरावर सौदा झाला. शंभर रुपये टनाला, म्हणजे फेरीला अठराशे. मालक झाल्यापासून ड्रायव्हर म्हणून त्याला मिळालेला हा पहिला पगार.