शंकेलाही आकडा हवा

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकाराचा धोका जवळपास निम्मा, असं अमेरिकेतल्या परिचारिकांच्या पाहणीत १९९१ साली दिसलं. पण या बायका मुळातच तब्येत जपणाऱ्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या असल्या तर? श्रेय गोळीचं की राहणीचं? पाहणीत माणसं वाढवून ही खोट जात नाही. उलट चुकीचा आकडा जास्त ठाम वाटतो. संख्याशास्त्रातली बेझची पद्धत या खोटेलाच गणितात घेते: ती किती असू शकेल याचा पल्ला आधी मांडायचा, मग उत्तर काढायचं. उत्तर सैल होतं, पण प्रामाणिक. अंदाज कुणाचा धरायचा, हा वाद उरतोच म्हणा! गोळ्यांपुरतं बोलायचं तर, २००२ मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून १६,६०८ बायकांवर चाललेली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी मुदतीआधीच थांबवली. हृदयविकार घटला नव्हता, थोडा वाढलाच होता.