पाबळचा घुमट : आपण परतल्यावर काय उरतं?

शिरूर आणि दौंड हे शेजारशेजारचे तालुके. दौंडच्या बागायती पट्ट्यात कालव्याचं पाणी, ऊस आणि गुऱ्हाळं. भीमा ओलांडून शिरूरच्या पश्चिमेला पाबळकडे गेलं, की जिरायत माळ लागतो. एकाच जिल्ह्यात गरजा अशा बदलतात. म्हणून 'समाजासाठी तंत्रज्ञान' करायला निघालेल्या आपण विद्यार्थ्यांनी आणि अभियंत्यांनी आधी दोन गोष्टी विचारायच्या. हे नेमकं कोणासाठी? आणि आपण परतल्यावर ते सांभाळणार कोण?

पाबळला या प्रश्नांवर पुष्कळ काम झालेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून इथे आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं इथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती शिकतात. आणि तेही गावाची खरी कामं करत. अभियांत्रिकीचे पदवीधर येतात ते याच मुलांच्या शेजारी उभं राहून काम करायला. तिथला 'पाबळ घुमट' आपण आज उदाहरण म्हणून घेऊ.

घुमटच का? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि जवळजवळ १० हजार माणसं गेली. घरांच्या भिंती जाड दगडांच्या, पण मातीत रचलेल्या. वर माळवदाचा भार. जमीन आडवी हलली की वस्तुमान जितकं जास्त, तितका धक्क्याचा जोर जास्त. भिंतीचे दगड एकमेकांना धरून नव्हते, त्यामुळे त्या फुटल्या आणि झोपलेल्या माणसांवर सगळं कोसळलं.

आता चार पट्ट्या कोपऱ्यांत एकेका बोल्टने जोडून चौकोन करा आणि ढकला. तो तिरका होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा. एखादी पट्टी वाकल्या-तुटल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. घुमट म्हणजे अशा त्रिकोणांची जाळी. एका ठिकाणी आलेला भार आजूबाजूच्या पट्ट्यांत वाटला जातो. सांगाड्यावर जाळी आणि सिमेंटचा पातळ थर दिला, की वजनही कमी. किल्लारीनंतर भूकंपग्रस्त भागात असे घुमट उभारले गेले.

पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या सांगाड्याचे भाग थोड्याच ठरावीक मापांचे असतात. मापं एकदा पक्की झाली, की लोखंड कापायचं, भोकं पाडायची, बोल्ट आवळायचे. हे काम गावातला वेल्डर करू शकतो. अवघड गणित आधीच सोडवून ते मापांत उतरवलेलं आहे. अभियंत्याचं खरं योगदान तेच.

घुमटाला अडचणी नाहीत का? आहेत. गोल भिंतीला कपाट टेकत नाही, खाट लावताना कोपरा वाया जातो, पुढे एक खोली वाढवायची तर जोड कसा द्यायचा हा प्रश्न येतो. या तक्रारी आकडेमोडीत दिसत नाहीत. त्या घरात राहणारी बाईच सांगू शकते. तिचं म्हणणं नोंदवून पुढचा आराखडा बदलणं हाही अभियांत्रिकीचाच भाग.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब झाली. संगणकावर काढलेलं चित्र यंत्राने थेट कापून वस्तू करण्याची सोय म्हणजे फॅब लॅब. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी ही एक. यंत्रं बदलली, तरी कसोटी तीच राहिली.

तेव्हा तुमचा पुढचा प्रकल्प घ्याल, तेव्हा एवढं करा. सुटा भाग शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारात मिळतो का, ते आधी पाहा. दुरुस्ती गावातल्या दोघांना तरी शिकवा आणि त्यांनी ती तुमच्यासमोर, तुमची मदत न घेता, करून दाखवली पाहिजे. मग एका पावसाळ्यानंतर परत जा. वस्तू वापरात असेल, तर काम झालं. कोपऱ्यात धूळ खात असेल, तर वापरणं का थांबलं ते विचारा आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करा.