तापमान-संवेदक, मोटार एंजिनातील

मोटारगाडीच्या एंजिनातील शीतक (एंजिन थंड ठेवणारे पाणी वा अन्य द्रव), वंगण तेल किंवा सिलिंडर-टोपण यांचे तापमान ओळखून त्याची वार्ता चालकापुढील मापकास, पंख्यास अथवा इंधन-नियंत्रकास पोहोचविणारे साधन. आकाराने हे साधन बोटाच्या पेराएवढे असते. पितळी आटे पाडलेले असे हे साधन टोपणात, रेडिएटरमध्ये किंवा पाण्याच्या नळमार्गात घट्ट बसविलेले असते. जुन्या, विशेषतः खेळगाड्यांच्या (स्पोर्ट्‌स कार) एंजिनांवर अशी तीन ते पाच साधने एकमेकांशेजारी असू शकतात. बाहेरून ती सारखीच दिसतात. परंतु त्यांची कार्ये भिन्न असतात. एकाच्या जागी दुसरे बसविल्यास मापक खोटे तापमान दाखवितो, पंखा फिरत नाही किंवा इंधनाचा अपव्यय होतो. म्हणून जुन्या गाडीच्या दुरुस्तीत संवेदक ओळखणे हे संवेदक बदलण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्यांत तापमान कळण्याचे साधन नव्हते, रेडिएटरच्या तोंडातून वाफ निघू लागली म्हणजेच चालकास एंजिन तापल्याचे समजे. अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांनी १९१२ मध्ये रेडिएटरच्या झाकणावर बसणाऱ्या तापमापकाचे पेटंट घेतले. चालकाला तो आपल्या जागेवरून वाचता येई. पुढे केशनलिकेचा मापक आला. त्यात पाण्यात बुडालेल्या फुग्यातील बाष्पनशील द्रवाचा दाब बारीक तांब्याच्या नळीतून थेट मापकापर्यंत पोहोचतो व काटा हलवितो. अनेक ब्रिटिश खेळगाड्यांत अशा मापकांचा वापर झाला. त्याला विजेची गरज नसते. मात्र नळी मोडली की संपूर्ण मापक निकामी होतो.

विद्युतीय संवेदकाचा पाया मायकेल फॅराडे यांच्या निरीक्षणात सापडतो. तापमान वाढले की धातूंचा विद्युत् रोध वाढतो. परंतु सिल्व्हर सल्फाइडाचा रोध उलट कमी होतो, असे त्यांना १८३३ मध्ये आढळून आले. या गुणधर्माचा व्यावहारिक उपयोग करणारा थर्मिस्टर सॅम्युएल रूबेन यांनी १९३० च्या सुमारास तयार केला. बॉश या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपण आणले आणि तेव्हापासून तापमानाची वार्ता चालकाबरोबरच यंत्रालाही लागू लागली. एंजिनावरील संवेदकांची संख्या वाढण्याचे मुख्य कारण हेच होय.

प्रकार : कार्यानुसार संवेदकांचे पुढील पाच प्रकार पडतात.

(१) मापक-संवेदक : चालकापुढील काट्याच्या मापकास जोडलेला थर्मिस्टर. त्यास सामान्यतः एकच अग्र असते. मंडल पूर्ण करणारे दुसरे टोक म्हणजे त्याचे पितळी अंग व एंजिनाची धातू. व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या १२० °से.पर्यंतच्या प्रचलित संवेदकाचा रोध ४० °से.ला सु. २९० ओहम, ८० °से.ला सु. ७० ओहम व १२० °से.ला सु. २२ ओहम असतो.

(२) इशारा-स्विच : यात द्विधातूची चकती असते. ठराविक तापमानास ती वाकून संपर्क जोडते व लाल दिवा लागतो. यासही एकच अग्र असते. काही जर्मन संवेदकांत मापक-संवेदक व इशारा-स्विच एकाच अंगात असतात. तेव्हा मापकाच्या अग्रावर ‘जी’ व इशाऱ्याच्या अग्रावर ‘डब्ल्यूके’ ही रोमन अक्षरे कोरलेली आढळतात.

(३) पंख्याचा तापस्विच : हा बहुधा रेडिएटरच्या टाकीत बसविलेला असतो. त्यास सहसा दोन अग्रे असतात. पाणी साधारण ९० °से.च्या वर गेले की तो जुळतो आणि काही अंशांनी उतरले की तुटतो. ही दोन तापमाने पुष्कळदा त्याच्या षट्कोणी पितळी अंगावर छापलेली असतात.

(४) नियंत्रकाचा संवेदक : इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपणाच्या नियंत्रकास जोडलेला, बहुधा दोन अग्रांचा थर्मिस्टर. बॉशच्या प्रचलित संवेदकाचा रोध २० °से.ला सु. २,५०० ओहम व ८० °से.ला सु. ३०० ओहम असतो. मापक-संवेदकाशी तुलना करता हे आकडे बरेच मोठे आहेत. दोहोंतील भेद ओळखण्याची ही सर्वांत खात्रीची खूण होय.

(५) ताप-कालस्विच : थंड एंजिन सुरू करताना जादा इंधन सोडणाऱ्या झडपेचे नियंत्रण करणारा स्विच. त्यातील द्विधातुपट्टीभोवती तापविणारी तार गुंडाळलेली असते. त्यामुळे शीतक थंड असले, तरी ठराविक सेकंदांनी संपर्क तुटतो व एंजिनात इंधन साचत नाही. यावर तापमान व काल हे दोन्ही आकडे, उदा., ३५ °से. व ८ सेकंद, छापलेले असतात. दोन अग्रांमुळे नियंत्रकाच्या संवेदकाशी याची वारंवार गल्लत होते.

हवेने थंड होणाऱ्या एंजिनात शीतक नसते. पोर्श ९११ या खेळगाडीच्या १९६४ पासून १९९८ पर्यंतच्या वायुशीतित एंजिनांत चालकास तेलाचे तापमान दाखविले जाई. अशा एंजिनावर पाण्याचा संवेदक शोधणे व्यर्थ होय.

ओळखण्याची पद्धत : प्रथम एंजिन कोणते हे निश्चित करावे लागते, केवळ गाडीच्या नावावरून किंवा बांध्यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. या बाबतीत महाराष्ट्रातील एक उदाहरण उद्‌बोधक आहे. सोलापूर येथे १८८२ मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने फियाट ११०० ही गाडी तयार होऊ लागली. १९७४ पासून ती ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. ही कुटुंबाची व टॅक्सीची गाडी असली, तरी तिच्या इटालियन घराण्यात खेळगाड्याही होत्या. फियाटने ११०० ची ‘टीव्ही’ ही वेगवान आवृत्ती १९५३ मध्ये व तिचे उघड्या टपाचे रूप १९५५ मध्ये बाजारात आणले होते. भारतातही या गाड्या शोलावरम येथील शर्यतींत धावल्या.

प्रीमिअरने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही गाडी काढली. तिचा बांधा फियाट १२४ चा, परंतु एंजिन जपानच्या निस्सान कंपनीच्या १,१७१ घ. सेंमी. रचनेचे होते. याच १२४ च्या कुळातील ‘१२४ स्पोर्ट स्पायडर’ ही खेळगाडी इटलीत १९६६ मध्ये अवतरली होती. तिचे दुहेरी कॅमदंडाचे एंजिन आउरेलिओ लांप्रेदी यांनी रचले होते. म्हणजे ११८ एनई व स्पोर्ट स्पायडर यांचे बांध्याचे नाते जवळचे असले, तरी एकीच्या एंजिनाचे संवेदक दुसरीस लागू पडतीलच असे नाही. शिवाय स्पायडरच्याही कार्बोरेटर असलेल्या आरंभीच्या गाड्या व अमेरिकेसाठी १९८० पासून बनलेल्या बॉश इंधन-अंतःक्षेपणाच्या गाड्या यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात नियंत्रकाचा संवेदक व ताप-कालस्विच नसतात, दुसऱ्यात असतात.

एंजिन निश्चित झाल्यावर चार खुणा क्रमाने पाहतात. पहिली खूण जागेची. तापनियंत्रकाच्या (थर्मोस्टॅटच्या) घरात किंवा टोपणात असलेला संवेदक बहुधा मापकाचा अथवा नियंत्रकाचा असतो. रेडिएटरमधील पंख्याचा असतो. दुसरी खूण अग्रांची. एक अग्र असल्यास मापक वा इशारा आणि दोन असल्यास पंखा, नियंत्रक किंवा ताप-कालस्विच असा तर्क करतात. तो अंतिम मानू नये, कारण दोन्ही बाजूंस अपवाद आहेत. तिसरी खूण तारेच्या रंगाची. ब्रिटिश गाड्यांत मापक-संवेदकाची तार हिरव्या आवरणावर निळी रेघ असलेली असते. मात्र तीसचाळीस वर्षांत अनेक हातांखालून गेलेल्या गाडीत मूळ तारा टिकल्या असतीलच असे नसते. म्हणून तार दुसऱ्या टोकापर्यंत मागोवा घेत पाहणे इष्ट. चौथी व निर्णायक खूण म्हणजे विद्युत् रोधाचे मापन.

परीक्षण : संवेदक काढून त्याचे टोक पाण्याच्या भांड्यात तापमापकासह बुडवितात. पाणी हळूहळू तापवीत ओहममापकाने रोध मोजतात. रोध सलग उतरत गेला, तर तो थर्मिस्टर होय. रोध जवळजवळ शून्य किंवा अनंत यांपैकी एकच असून एखाद्या तापमानास एकदम बदलला, तर तो स्विच होय. ८० °से.ला मिळालेल्या आकड्यावरून तो मापकाचा की नियंत्रकाचा हे ठरते. ताप-कालस्विचाचा संपर्क थंड पाण्यात जुळलेला व कोमट पाण्यात तुटलेला आढळतो. पंख्याच्या स्विचाचे वर्तन याच्या उलट असते. ज्या स्विचांची सीमा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर असते, ते पाण्यात तपासता येत नाहीत.

मापकाची तार संवेदकापासून सोडविली, तर काटा ‘थंड’कडे राहतो व ती क्षणभर एंजिनाच्या धातूस टेकविली, तर ‘गरम’कडे जातो. असे झाल्यास मापक व तार ठीक असून दोष संवेदकात आहे, असे समजते. ही कसोटी नियंत्रकाच्या तारांवर करू नये. ब्रिटिश गाड्यांत दोन मापके एकदम खोटी दाखवू लागली, तर संवेदकाऐवजी मापकांना सरासरी १० व्होल्ट पुरविणारा स्थिरक तपासावा.

एक अग्राच्या संवेदकाचे मंडल त्याच्या आट्यांतून पूर्ण होते. त्यामुळे गळती थांबविण्यासाठी आट्यांवर प्लॅस्टिकची फीत जाड गुंडाळली, तर वीजसंपर्क बिघडून मापक खरे असेल त्यापेक्षा कमी तापमान दाखवितो. चांगला संवेदक ‘बाद’ ठरविला जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

दोष व परिणाम : संवेदकाचा सर्वांत घातक दोष म्हणजे त्याचे मौन. मंडल तुटल्यास काटा थंड बाजूस राहतो. चालकास एंजिन ठीक असल्याचा भास होतो. पाणी गळून पातळी संवेदकाच्या खाली गेल्यासही हेच घडते. कारण संवेदकाच्या टोकाला पाण्याऐवजी हवा लागते आणि एंजिन अतितप्त होत असता काटा खाली येतो. त्यामुळे चढावर किंवा भर उन्हात काटा एकाएकी उतरला, तर तो सुटकेचा नव्हे, तर धोक्याचा संकेत समजून गाडी थांबवावी लागते. तशीच हाकल्यास टोपण वाकते, त्याखालील गॅस्केट जळते व पाणी सिलिंडरात शिरते. ज्या गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत, तिच्या बाबतीत ही हानी कायमची ठरू शकते. नियंत्रकाचा संवेदक तुटल्यास नियंत्रक एंजिन अतिशय थंड आहे असे समजून जादा इंधन सोडतो. एंजिन काळा धूर ओकते व तापल्यावर पुन्हा सुरू होत नाही.

सोलापूरसारख्या ठिकाणी या दोषांचे परिणाम लवकर दिसतात. शहर समुद्रसपाटीपासून सु. ४५० मी. उंचीवर असल्याने तेथे पाणी उघड्या भांड्यात सु. ९८.५ °से.लाच उकळते. रेडिएटरचे दाबझाकण ०.५ बारचे असल्यास ही मर्यादा सु. ११० °से.पर्यंत जाते, झाकणाची रबरी चकती झिजली की हा लाभ नाहीसा होतो. रेडिएटर जी उष्णता टाकतो ती पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. पाणी ९० °से.ला व हवा २० °से.ला असता हा फरक ७० अंशांचा असतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत हवा ४० °से.च्या वर जाते. ती ४२ °से.ला असता फरक ४८ अंश उरतो, म्हणजेच उष्णता टाकण्याची क्षमता जवळजवळ एकतृतीयांशाने घटते. युरोपातील थंड हवेसाठी रचलेल्या खेळगाडीत मग पंख्याचा स्विच योग्य तापमानाचा असणे अत्यावश्यक ठरते. कठीण पाणी वापरल्यास संवेदकाच्या टोकावर क्षारांचे कवच चढते व त्याचा प्रतिसाद मंदावतो. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व गंजरोधक द्रव यांचे मिश्रण वापरतात.

जतन : भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या व मोठा फेरबदल न केलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय झाली. त्यामुळे मूळ भाग टिकविण्याकडे मालकांचे लक्ष अधिक वेधले गेले आहे. संवेदक बदलताना जुन्याचा आट्यांचा व्यास व अंतर, टोकाची लांबी, अग्रांची संख्या, अंगावरील आकडे आणि दोन तापमानांस मोजलेला रोध यांची नोंद ठेवणे श्रेयस्कर असते. कंपनी बंद पडली किंवा भाग क्रमांक पुसला गेला, तरी या नोंदीवरून समतुल्य संवेदक शोधता येतो. आटे जुळले म्हणजे संवेदक जुळला, असे मात्र नव्हे. मापकाची रोध-तापमान वक्ररेषा व संवेदकाची वक्ररेषा एकच असल्याशिवाय काट्याने दाखविलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही.