विजेचा रंगफवारा : उपयोग आणि सावधगिरी

धानाची मळणी आटोपून माल घरात आला म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्यातील कास्तकारास घरादाराकडे पाहण्यास थोडी उसंत मिळते. फाटकास गंज चढलेला असतो, खिडक्यांच्या गजांवरील रंग उडालेला असतो, वखर, नांगर व ट्रॉली यांसही एक हात रंगाची गरज असते. अशा कामासाठी विजेवर चालणारा हातातील रंगफवारा आता पुष्कळ घरी येऊ लागला आहे. यंत्र लहान व दिसण्यात निरुपद्रवी असल्यामुळे ते पोराच्या किंवा सालगड्याच्या हाती सहज दिले जाते. म्हणून त्याचे गुण व धोके दोन्ही येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

फवाऱ्याने रंग देण्याची कल्पना जुनी आहे. सन 1893 मध्ये अमेरिकेत शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या प्रचंड इमारती कुंचल्याने वेळेत रंगविणे अशक्य दिसल्यावर दाबाच्या हवेने रंग फवारण्यात आला. तत्त्व तेच राहिले. आज यंत्र मात्र हातात मावते.

यंत्र चालते कसे

घरगुती फवाऱ्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात विजेच्या मोटारीवर एक पंखा फिरतो. त्याची हवा रंगाच्या धारेस फोडून तिचे तुषार करते. दुसऱ्यात हवा नसते; पंप रंगासच दाबून अतिशय बारीक छिद्रातून बाहेर काढतो. पहिल्या प्रकारात दाब कमी असतो. दुसऱ्यातील मोठ्या यंत्रांत तो 200 बारपर्यंत, म्हणजे ट्रॅक्टरच्या टायरमधील हवेच्या शंभरपटीहूनही अधिक, जाऊ शकतो. घरच्या कामास पहिला प्रकार पुरेसा आहे, असे आमचे मत आहे.

फवाऱ्याचा खरा लाभ जाळी, गज, चाकांचे आरे, नक्षीचे दरवाजे अशा ठिकाणी होतो. सपाट भिंतीस रोलर अधिक सोयीचा; त्यात रंग वाया जात नाही व हवेतही मिसळत नाही.

यवतमाळचा धडा

कुंचल्याचा रंग लाकडास लागतो. फवाऱ्याचा रंग काही लाकडास, काही वाऱ्यास व काही माणसाच्या छातीत जातो. ही गोष्ट विदर्भास नवी नाही. सन 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेने मृत्यु पावले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात जावे लागले. औषधे जहाल होती, पीक डोक्याएवढे वाढले होते, आणि फवारणाऱ्याच्या तोंडास बहुधा एखादा दुपट्टाच काय तो गुंडाळलेला होता. रंग हा कीटकनाशकाइतका जहाल नव्हे, हे खरे. पण तुषार शरीरात शिरण्याची वाट तीच आहे. तुषार जितका सूक्ष्म, तितका तो खोल जातो. शेतात निदान वारा तरी असतो. बंद खोलीत तोही नसतो.

दुपट्टा मोठे थेंब अडवितो. सूक्ष्म कण अडवीत नाही. एन-95 मुखपट्टी कण अडविते, पण थिनरची वाफ तीतून सरळ पार होते. तेलरंग फवारावयाचा असेल तर कोळशाच्या डब्या लावलेला, वाफ शोषणारा मुखवटाच पाहिजे. पाण्यात मिसळणारा रंग वापरल्यास बरीचशी भीती कमी होते. लाकूड व लोखंड यांसाठीही असे रंग आता मिळतात. घट्ट होण्यासाठी ज्यात दुसरा डबा मिसळावा लागतो, असा मोटारगाड्यांचा पॉलियुरेथेन रंग घरी मुळीच फवारू नये. त्यातील आयसोसायनेट नावाच्या द्रव्याने कायमचा दमा जडू शकतो.

अग्नीचे भय

ज्या उष्णमानावर द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेते, त्यास ज्वलनबिंदु म्हणतात. रंगात घालतात त्या खनिज टर्पेंटाइनचा ज्वलनबिंदु सुमारे 30 ते 40 अंश सेल्सियस असतो. आपल्याकडे वैशाखात सावलीतील उष्णमान याहूनही वर जाते. म्हणजे हिवाळ्यात जो डबा तितका धोक्याचा नसतो, तोच उन्हाळ्यात झाकण काढताच पेटण्याजोगा होतो. लॅकरचे थिनर तर पौषाच्या थंडीतही पेटते. शिवाय द्रवाचे तुषार झाले म्हणजे ज्वलनबिंदूच्या खालीही पेट घेऊ शकतात. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीसरशी पसरत जाते आणि शेजारच्या खोलीतील चूल, शेगडी, देवापुढील समई किंवा फ्रीजच्या बटणाची ठिणगी गाठते. फवाऱ्याच्या मोटारीतही ठिणग्या उडू शकतात, हे विसरू नये.

म्हणून तेलरंगाचे काम अंगणात, भर उन्ह टाळून करावे. वारा पाठीवर किंवा बाजूने घ्यावा. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत किती ज्वलनबिंदूचा रंग चालेल, हे छापलेले असते. ते वाचून नंतरच डबा विकत घ्यावा. पेट्रोल पातळ करण्यास किंवा यंत्र धुण्यास कधीही वापरू नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेटतो. त्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्या.

विजेची बाजू

ज्या यंत्रास तीन खिळ्यांचा प्लग आहे, त्यास चांगले अर्थिंग असलेच पाहिजे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात पाणी घालीत जावे. एकात एक असे दोन चौकोन ज्या यंत्रावर छापले आहेत, त्यास दुहेरी वेष्टण असते व ते दोन खिळ्यांवर चालते. दोन्ही प्रसंगी 30 मिलिअँपिअरवर वीज तोडणारा आरसीसीबी घरच्या फलकावर बसवून घेणे हे जीव वाचविणारे खर्च होय. सोललेली वायर प्लगशिवाय सॉकेटात खोचण्याची वाईट चाल आपल्या गावांत आहे, ती सोडावी. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून यंत्र चालवू नये.

जुना रंग व शिसे

रंग देण्यापूर्वी जुना रंग खरवडावा लागतो, आणि येथे एक छुपे विष आहे. घरगुती रंगातील शिसे दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असा केंद्र सरकारचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, तांबड्या व नारिंगी रंगांत, शिसे पुष्कळ असू शकते. कारखान्यांसाठी विकला जाणारा रंग या नियमाखाली येत नाही; म्हणून तो घरात आणू नये. जुना रंग कोरडा घासू नये. पाण्याने भिजवून घासावा आणि भुगा गोळा करून टाकावा. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम कायमचा होतो. गुरे जुना रंग चाटतात व तीही दगावतात. म्हणून गोठ्याच्या गव्हाणीस व खुंट्यांस रंग न देणेच बरे.

धानाच्या कोठीस आतून रंग देऊ नये. बाहेरून देतानाही धान्य दुसरीकडे हलवावे. तांदूळ थिनरचा वास लवकर धरतो.

प्रत्यक्ष काम

मळणीची धूळ बसल्यावर, दव वाळल्यावर, सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंतचा वेळ उत्तम. रंग गाळून घ्यावा व पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पातळ करावा. यंत्र पृष्ठभागापासून वीतभर अंतरावर धरावे, हात कमानीसारखा न फिरविता सरळ न्यावा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर टिकतात. डोळ्यांस चष्मा, हातांस मोजे व अंगभर जुने कपडे असावेत. मुले, गर्भवती स्त्रिया व जनावरे दूर ठेवावीत.

तोटी तुंबल्यास प्रथम प्लग काढावा व दाब सोडावा. तोंडाने फुंकू नये, बोट लावून पाहू नये. कीटकनाशकाच्या पंपात रंग किंवा रंगाच्या यंत्रात कीटकनाशक कधीही घालू नये. धुतलेले थिनर बोडीत, तलावात किंवा विहिरीजवळ ओतू नये. आपल्या जिल्ह्याची शेती व मासेमारी त्याच पाण्यावर चालते. ते झाकणाच्या डब्यात ठेवावे. रंग खाली बसल्यावर वरचे थिनर पुढील धुण्यास चालते.

अपघात झाल्यास

जास्त दाबाच्या यंत्राची धार बोटास लागली तर जखम काट्याएवढी दिसते, परंतु रंग मांसात खोल शिरलेला असतो व बोट, प्रसंगी हातही, गमवावा लागतो. हळद लावून वाट पाहू नये; ताबडतोब रुग्णालय गाठून "रंग आत टोचला गेला आहे" असे डॉक्टरांस सांगावे. डोळ्यांत रंग गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. थिनर पोटात गेल्यास ओकारी काढू नये. ते फुप्फुसात उतरते. घेरी आल्यास माणसास मोकळ्या हवेत आणावे. पेटलेल्या थिनरवर पाणी टाकू नये, वाळू टाकावी. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक दारावर लिहून ठेवावा.

शेवटी मालकांस एक विनंती. यंत्र विकत घेणारा एक व ते हाती धरणारा दुसरा, असे आपल्याकडे बहुधा घडते. यवतमाळात मजूरही मेले, हे ध्यानात ठेवावे. ज्याने यंत्र आणले, त्यानेच मुखवटा, चष्मा व मोजे आणावेत आणि ते चढविल्यावाचून सालगड्याच्या हाती यंत्र देऊ नये. मुखवट्याचे पैसे वाचविणारा कास्तकार काटकसरी नव्हे. तो दुसऱ्याच्या छातीवर आपले घर रंगवितो.