उन्हवरेचे पाणी उसळत का नाही?

मुळशीतल्या कासार आंबोलीवरून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरणारी बरीच कुटुंबे महाडजवळच्या सव किंवा दापोली तालुक्यातल्या उन्हवरे येथे गरम पाण्याच्या कुंडावर थांबतात. हे पाणी टीव्हीवर दिसते तसे उंच का उडत नाही, असा प्रश्न मुले हमखास विचारतात.

बाथरूममधल्या गीझरचे नाव आइसलँडमधल्या ‘गेसिर’ या उसळत्या झऱ्यावरून आले. असा झरा उसळायला तळाशी तप्त खडक, भरपूर पाणी आणि मध्येच चिंचोळी होणारी नळी लागते. वरच्या पाण्याच्या दाबामुळे तळचे पाणी १०० अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. प्रेशर कुकरमध्ये होते तेच. थोडे पाणी वर सांडले की दाब उतरतो, तळच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि फवारा उडतो. अमेरिकेतल्या यलोस्टोनचा ‘ओल्ड फेथफुल’ घड्याळ लावून उडतो असे सांगतात, पण तसे नाही. उद्रेक अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर पुढचा तासाभराने होतो. जास्त चालला तर दीड तास थांबावे लागते. नळी जास्त रिकामी झाली की भरायला, तापायला वेळ लागणारच.

कोकणचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो केव्हाच निवला. इथे पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि मुकाट वर येते. उन्हवरेला ते सुमारे ७० अंश असते.

डॉक्टरांना काळजी या मुकाट पाण्याचीच. ६० अंशांचे पाणी पाच सेकंदांत खोलवर भाजते, ७० अंशांचे साधारण एका सेकंदात. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला चटका कळतच नाही. घरी आल्यावर फोड दिसतो, जखम चिघळते, कधी बोटही गमवावे लागते. अशांनी पाय बुडवून अंदाज घेऊ नये. पाणी बादलीत काढून त्यात गार पाणी मिसळावे आणि सोबतच्या माणसाने ते कोपराने पाहावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर कुंडातून झटकन उठू नये, भोवळ येते. गंधकाचे पाणी मिळाले म्हणून गजकर्णाचे औषध बंद करणे हा तर शुद्ध वेडेपणा.

भाजलेच तर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. मधुमेह्याचा फोड लहान दिसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.