आधी ऋतू, मग रूळ, मग गावं

एकट्याचं देशाटन : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण सॅकचं वजन उतरवलं. आता वेळ आली आहे कुठे जायचं ते ठरवायची, आणि बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. नोकरी बदलताना महिनाभराची मोकळीक मिळते किंवा परीक्षा संपते, आणि कागदावर भराभर नावं पडू लागतात : लडाख, जैसलमेर, काशी, चेरापुंजी, हंपी, कन्याकुमारी. सगळीच ठिकाणं पाहण्यासारखी आहेत. पण ही नावं नकाशावर रेघेने जोडून बघा. महिन्यातल्या निम्म्या रात्री गाडीत आणि स्टँडवर जातील, आणि उरलेल्या दिवसांत हॉटेलात झोपून थकवा काढावा लागेल. एवढा मोठा देश एका दमात पाहून होत नाही, हे पहिल्याच दिवशी मान्य केलं की आराखडा जमायला लागतो. एका खेपेला एक पट्टा घ्यायचा. बाकीचे पट्टे कुठे पळून जात नाहीत.

पट्टा कसा निवडायचा? मी ऋतूपासून सुरुवात करतो, त्यानंतर रेल्वेचे रूळ बघतो आणि गावं सगळ्यात शेवटी ठरवतो. माणसं बरोबर उलट्या क्रमाने जातात, म्हणून हा क्रम मी पुन्हा पुन्हा सांगतो.

ऋतूचं गणित कॅलेंडर समोर ठेवून मांडा. मोसमी पाऊस साधारण १ जूनला केरळात येतो आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर राजस्थानच्या बाजूने मागे फिरू लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूचा पावसाळा असतो. आपल्याकडे आकाश कोरडं ठाक झालं म्हणून नोव्हेंबरात तंजावर-नागपट्टिणमला गेलेला माणूस तिथे चिंब भिजतो. जून ते सप्टेंबर ब्रह्मपुत्रेला पूर असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत लडाखचे रस्ते उघडे असतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश चालतात. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत गंगेच्या खोऱ्यात धुकं उतरतं. त्या दिवसांत प्रयागराज-कानपूरकडच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि काही गाड्या रेल्वे आधीच रद्द करते. धुक्यात एक गाडी चुकली की पुढची तीन आरक्षणं कोसळतात. बरोबर कुणी असलं तर दोघं मिळून मार्ग काढतात. एकट्या माणसाला रात्री दोन वाजता अनोळखी फलाटावर सगळं स्वतःच निस्तरावं लागतं.

रुळांच्या बाबतीत मात्र ठाणे, डोंबिवली आणि कल्याणची माणसं नशीबवान आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी १ मे रोजी रूळ कल्याणला पोचले, आणि तिथून त्यांना फाटे फुटले. एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाट चढून भुसावळला जातो आणि पुढे दिल्ली, प्रयागराज, नागपूर, हावडा गाठतो. दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून पुणे-सोलापूरमार्गे हैदराबाद, बंगळुरू, चेन्नईकडे जातो. कल्याणच्या अलीकडे दिव्याहून एक वाट पनवेल-रोह्यावरून कोकणात उतरते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि ही वाट मंगळूर-केरळपर्यंत सलग झाली. दिव्याहूनच आणखी एक वाट वसईला, म्हणजे गुजरात-राजस्थानकडे जाते. देशाच्या चारी दिशा लोकलच्या पासावर गाठता येतील इतक्या जवळ आहेत. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस तर थळ घाट उतरून कल्याणला थांबते आणि तशीच पनवेलमार्गे कोकणात शिरते. ग्वाल्हेर, भोपाळ, भुसावळ, रत्नागिरी, मडगाव, कोझिकोड, सगळं एकाच गाडीच्या वाटेवर. दक्षिणोत्तर भारत कसा बदलत जातो हे बघायचं असेल तर खिडकीची जागा मिळवा आणि या गाडीत बसा.

डोंबिवलीत लांब पल्ल्याच्या गाड्या जवळपास थांबतच नाहीत. घाटावर जायचं तर कल्याण, कोकणात जायचं तर दिवा किंवा ठाणे. संध्याकाळच्या गाडीसाठी मोठी सॅक घेऊन कल्याणकडे जाणारी गर्दीची लोकल पकडू नका. दोन तास आधी निघा आणि कल्याणच्या फलाटावर निवांत बसा.

आता एक आराखडा प्रत्यक्ष मांडून बघू. हाताशी चार आठवडे आहेत, नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा मध्य. दिवाळी आणि छठ उरकलेली असते. छठ व्हायच्या आधी निघालात तर उत्तर प्रदेश-बिहारकडच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा मिळत नाही. धुकं दाट व्हायच्या आत गंगेचं खोरं ओलांडायचं आणि डिसेंबरमध्ये ईशान्येत असायचं.

पंजाब मेल रात्री कल्याण सोडते आणि सकाळी भोपाळला पोचते. इटारसीनंतर झोपू नका. भोपाळच्या अलीकडे, ओबेदुल्लागंजच्या आसपास, विंध्याचे खडक दिसू लागतात. १९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळला जात होते. डब्यातून त्यांना हे खडक दिसले आणि स्पेन-फ्रान्समध्ये पाहिलेल्या शैलाश्रयांची आठवण झाली. मग ते तिथे जाऊन पोचले, आणि भीमबेटकाची आदिमानवाची चित्रं जगाला कळली. २००३ मध्ये त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भोपाळला तीन दिवस द्या : एक भीमबेटकाला, एक सांचीला आणि एक भोपाळलाच.

पुढे त्याच मार्गावर झांशी आहे. तिकीट शोधताना स्थानकाचं नाव आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई झांशी’ असं टाकावं लागतं. ओरछा तिथून रिक्षाच्या अंतरावर आहे. मुक्काम ओरछ्यात करावा. बेतवेच्या काठावरची संध्याकाळ झांशीतल्या लॉजवर मिळत नाही. झांशी-ग्वाल्हेरहून रात्रीची बुंदेलखंड एक्स्प्रेस बनारसला नेते.

झांशी-ग्वाल्हेर-काशी ही वाट मराठी माणसाची जुनी ओळखीची आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेत निघाले, ते यज्ञाची दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायच्या हिशेबाने. महूजवळ बंडाची बातमी कळली आणि सगळा बेत मोडला. वेढा पडला तेव्हा ते झांशीत होते. पुढे हालअपेष्टा सोसत काशीही झाली, आणि कोकणात परतताना त्यांनी गंगेची कावड आणली. ‘माझा प्रवास’ ही त्यांची हकीकत १९०७ मध्ये छापली गेली ती आपल्याच कल्याणच्या चिंतामण विनायक वैद्यांमुळे. झांशीला जाण्याआधी ते पुस्तक वाचावं. शक्य असेल तर सॅकमध्येच टाकावं, त्याचं वजन मी माफ करतो.

काशीचं तिकीट काढताना स्थानक नीट बघा. वाराणसी जंक्शन, बनारस, वाराणसी सिटी आणि काशी ही चार वेगवेगळी स्थानकं आहेत. बनारस म्हणजे पूर्वीचं मंडुआडीह. शिवाय अनेक गाड्या वाराणसीला येतच नाहीत, गंगेपलीकडच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरून, म्हणजे जुन्या मुघलसरायवरून, तशाच पुढे जातात. मध्यरात्री तिथे उतरणार असाल तर उजाडेपर्यंत प्रतीक्षालयातच थांबा. आणि कार्तिकी पौर्णिमेला काशीत देवदिवाळी असते, घाटांवर दिवे लागतात. ती पाहायची असेल तर मुक्काम कितीतरी आधी ठरवावा लागतो. नसेल पाहायची, तर ते दोन-तीन दिवस टाळून या.

काशीहून रात्रभरात हावडा. कोलकात्याला किती दिवस द्यायचे ते आवडीवर सोडतो. हावड्याहून दुपारची सरायघाट एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी गुवाहाटीला पोचते. तिथून रात्रीच्या गाडीने दिमापूर, आणि दिमापूरहून शेअर सुमोने कोहिमा. डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत कोहिमाजवळच्या किसामा इथे हॉर्नबिल महोत्सव असतो.

इथे एक कागद लागतो : इनर लाइन परमिट. १८७३ च्या कायद्यातून आलेला हा परवाना नागालँड, अरुणाचल प्रदेश, मिझोराम आणि मणिपूरमध्ये शिरताना आपल्यालाही, म्हणजे भारतीय नागरिकालाही काढावा लागतो. आसाम आणि मेघालयला तो लागत नाही. अर्ज ऑनलाइन होतो. घरून निघण्यापूर्वीच करा आणि छापील प्रत जवळ ठेवा, घाटात मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपल्या देशात वेळ एकच, पण सूर्य एकच वेळ पाळत नाही. डिसेंबरात ठाण्याला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर कोहिमात साडेचारच्या आत. पाचला काळोख. शेअर गाड्या दुपारीच बंद होऊ लागतात, दुकानंही लवकर मिटतात. ईशान्येत दिवस सकाळी सहाला सुरू करायचा आणि तीनपर्यंत मुक्कामाच्या गावात पोचायचं, असाच आराखडा आखा. डोंबिवलीच्या सवयीने नाश्ता करून दहाला निघालात तर अर्धा दिवस गेलाच.

परतीला गुवाहाटीहून थेट लोकमान्य टिळक टर्मिनसची गाडी आहे, दोन दिवसांहून जास्त प्रवास. हे दोन दिवस आराखड्यात धरायला लोक हमखास विसरतात.

आरक्षणाचं म्हणाल तर, नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. ज्या त्या गाडीचं आरक्षण उघडेल त्या दिवशी मी तीनच तिकिटं काढायला सांगेन : पहिली गाडी, परतीची गाडी आणि मधला अडणारा टप्पा, म्हणजे इथे हावडा-गुवाहाटी. बाकीची वाटेत, चार-पाच दिवस आधी काढा. सगळीच आधी काढली तर ओरछा आवडलं तरी तिथे आणखी एक दिवस राहता येणार नाही. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर ती कुठली आहे ते बघा. सर्वसाधारण यादी बऱ्यापैकी सरकते. मधल्या स्थानकांच्या ‘पूल्ड’ किंवा ‘रिमोट’ यादीवर भिस्त ठेवू नका.

५०० किलोमीटरच्या पुढच्या तिकिटावर वाटेत उतरण्याची सोय आहे, हे आता फार थोड्यांना माहीत असतं. पहिला थांबा ५०० किलोमीटर झाल्यावरच घेता येतो. हजार किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एकदा, त्याहून लांबच्या तिकिटावर दोनदा, आणि दर वेळी दोन दिवस. चक्राकार प्रवासाचं तिकीटही असतं : जिथून निघायचं तिथेच परत, वाटेत जास्तीत जास्त आठ मुक्काम. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरतो, म्हणून सुट्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडतं. प्रत्येक टप्प्याची बर्थ मात्र वेगळी आरक्षित करावी लागते, आणि हे तिकीट काढायला मार्ग लिहिलेला कागद घेऊन मोठ्या स्थानकाच्या आरक्षण कार्यालयातच जावं लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिणेला जाणाऱ्यांनी ते जरूर काढावं. दिव्यावरून कोकणात उतरायचं, मंगळूर, एर्नाकुलम, कन्याकुमारी, मदुराई, तंजावर, चेन्नई करत सोलापूर-पुण्यावरून बोरघाट उतरून कल्याणला परत. ते चक्र आपल्या दारात सुरू होतं आणि आपल्याच दारात पुरं होतं.

एकट्याने निघणाऱ्या मुलींना आणि बायकांना एवढंच सांगेन : मेल-एक्स्प्रेसच्या स्लीपर वर्गात महिलांसाठी सहा बर्थचा कोटा असतो, वयाची अट नाही, एकटीलाही मिळतो. तिकीट काढताना तो निवडायचा. १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक फोनमध्ये असू द्या. नव्या गावात उजेडी पोचायचं हा नियम मात्र बाईमाणसापुरता नाही, एकट्या फिरणाऱ्या सगळ्यांनीच तो पाळावा. रात्र गाडीत काढली की लॉजचे पैसे वाचतात हे खरं. पण लागोपाठ दोन रात्री गाडीत काढू नका. तिसऱ्या दिवशी डोळ्यांसमोर ताजमहाल असला तरी दिसत नाही.

आणि दर चौथा दिवस कोरा ठेवा. त्या दिवशी कपडे धुवायचे, पुढचं तिकीट काढायचं, कालच्या टपरीवरच्या माणसाने सांगितलेल्या देवळात जाऊन यायचं. चार आठवड्यांत असे सात दिवस जातात. ते वाया गेले असं समजून त्यांत आणखी एक गाव घुसवणारे तिसऱ्या आठवड्यात आजारी पडून घरी येतात.

आराखड्याची एक प्रत घरी ठेवा. गाडीचं नाव, नंबर, पीएनआर आणि मुक्कामाचा पत्ता हे सगळं आईच्या हातात कागदावर हवं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज चार दिवसांत खाली जातो, फ्रिजवर चिकटवलेला कागद समोर राहतो. बेत बदलला की त्याच रात्री फोन करा आणि कागदावरची ओळ खोडून नवी लिहायला सांगा.

पुढच्या आठवड्यात मुक्कामांबद्दल बोलू : रेल्वेच्या विश्रांतीगृहातली डॉर्मिटरी, यूथ हॉस्टेल, धर्मशाळा, गुरुद्वारा आणि परगावची महाराष्ट्र मंडळं. तोवर भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून आपली रजा कुठल्या महिन्यात येते ते बघा, आणि त्या महिन्यात देशाचा कुठला पट्टा कोरडा आणि उघडा असतो त्यावर खूण करून ठेवा.